राउटरची आज्ञा आणि जॅकार्डचे कार्ड

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर उमटते ती छिद्रांच्या कार्डांमुळे. कार्ड चुकले, तर माग ती चूक तशीच इमानाने विणत जातो. राउटरच्या सेटिंगचेही असेच आहे. आता ही सेटिंग माणसाऐवजी एआय एजंट करू लागले आहेत. म्हणूनच त्यांच्या हाती दिलेल्या साधनाची माहितीपुस्तिका हा सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे. दूरच्या राउटरचा पत्ता बदलला की आपलाच संपर्क तुटतो, हे अनुभवी तंत्रज्ञाला सांगावे लागत नाही. एजंटसाठी मात्र ते लिहावेच लागते: कोणती आज्ञा फक्त माहिती वाचते, कोणती बदल करते आणि कोणता बदल मागे घेता येतो.

एआयने जगभरच्या पुस्तिका वाचल्या आहेत, मग वेगळी कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचलेली पुस्तिका जुन्या आवृत्तीची आणि समोरचा राउटर नव्या आवृत्तीचा असू शकतो. शेवटी मंजुरी माणूसच देतो, हे उत्तरही अपुरे आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे ६ तास बंद पडले. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले, आणि अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी साधनातच दोष निघाला. तिथे माणसेही होती, तपासणीही होती. म्हणून ज्युनिपरच्या राउटरवरची एक सोय मला फार मोलाची वाटते: ती वापरून केलेला बदल १० मिनिटांत पक्का केला नाही, तर राउटर आपोआप जुन्या सेटिंगवर परततो. तुमच्या साधनात अशी सोय असेल, तर ती पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहा.