मनगटावरचा आकडा

एस.टी.ची पाटी आपण नेहमी पाहतो. गाडी लांबून येते. धूळ उडते. तरी गावाचे नाव वाचता येते. का बरे? कारण पाटीवर नाव ठळक असते आणि मोजकेच असते. वाटेतली सगळी गावे पाटीवर लिहिली असती, तर आपले वाचून होईपर्यंत गाडी निघून गेली असती.

एवढे ध्यानात ठेवा. आता आपण एका नव्या घड्याळाची माहिती घेऊ.

हल्ली काही जणांच्या मनगटावर हे घड्याळ दिसते. ते वेळ तर दाखवतेच. शिवाय आपण किती पावले चाललो ते मोजते. नाडीचे ठोकेही मोजते. पावले मोजण्याचे यंत्र तसे जुने आहे. १९६५ साली जपानात कमरेला लावायचे एक यंत्र विकायला आले. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मोजयंत्र' असा होता. आता तेच काम मनगटावर होते.

घड्याळाला ठोके कसे कळतात? त्याच्या पाठीला बारीक हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीत शिरतो. रक्त हा उजेड शोषून घेते. ठोका पडला की मनगटात रक्त वाढते आणि परत येणारा उजेड कमी होतो. हा चढउतार घड्याळ मोजते.

मोजले खरे, पण दाखवायचे कसे? घड्याळाचा पडदा काडेपेटीहून लहान. त्यावर वेळ, पावले, ठोके, झोप असे सगळे एकदम कोंबले, तर मुंग्यांच्या रांगेसारखे दिसेल.

समजा, एक आजी टेकडी चढून आल्या. घड्याळात त्यांना ११२ दिसले. ते ठोके होते. आजी घाबरल्या. पण चढ चढल्यावर ठोके वाढणारच! मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. चालताना, चढताना ते वाढतात.

याच्या उलटही घडते. एक जण मघापासून स्वस्थ बसला आहे. ठोके १३० पडत आहेत. त्याला वाटते, ही पावलेच असतील. मग डॉक्टरकडे जायचे राहून जाते.

म्हणून पडदा चांगला कोणता, ते आम्ही सांगतो. एका वेळी एकच आकडा मोठा दिसावा. शेजारी खूण असावी, ठोक्यांना हृदयाची आणि पावलांना पाऊलखुणेची. खाली आपल्या भाषेत शब्द असला तर फारच बरे. काळ्यावर पांढरे अक्षर असले तर ठसठशीत दिसते. नुसत्या रंगावर भिस्त नको. काही माणसांना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. पावलांसाठी काही घड्याळांत एक कडे असते. चालू तसतसे ते भरत जाते. कणगी किती भरली हे जसे एका नजरेत कळते, तसेच हे.

घड्याळ घ्यायचेच असेल, तर दुकानातल्या दिव्याखाली पाहून घेऊ नका. बाहेर उन्हात या. हात लांब धरा. चालता चालता आकडा वाचता येतो का, ते पाहा. चष्मा लागत असेल, तर चष्मा काढूनही पाहा.

आणखी एक गोष्ट. पट्टा सैल असला की आकडा चुकतो. शंका आली तर अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवा. ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. आपले बोट आणि साधे घड्याळ, एवढ्यावर काम भागते.

पण छातीत दुखत असेल, बसल्या जागी दम लागत असेल, तर आकडा पाहत बसू नका. तडक दवाखाना गाठा. आकडा वाचायला आपण शिकलो, हे चांगलेच झाले. तो आकडा कशाचा आहे, हेही प्रत्येक वेळी विचारायला शिकू या.