कल्याणचा जुना बंदर-विभाग

महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील कल्याण शहराचा उल्हास खाडीलगतचा प्राचीन भाग. मुंबईच्या ईशान्येस लोहमार्गाने सु. ५४ किमी. वर असलेल्या या शहराच्या पश्चिमेकडील दुर्गाडी किल्ला, त्याखालील खाडीकिनारा, रेतीबंदर, लाल चौकी, पारनाका, टिळक चौक आणि शेणाळे तलाव यांचा परिसर ढोबळमानाने या विभागात मोडतो. रेल्वेस्थानकापासून दुर्गाडी सु. २ किमी. अंतरावर असून हा सर्व भाग पायी पाहता येतो. चालुक्यांची राजधानी असलेले कर्नाटकातील कल्याणी (बसवकल्याण) हे याहून भिन्न होय.

भौगोलिक स्थान : उल्हास नदी कल्याणपासून भरती-ओहोटीच्या टप्प्यात येते. समुद्रातून आलेला माल गलबतांनी येथवर आणावा, उतरवावा व बैलांच्या पाठीवर लादून मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नर-पैठणकडे न्यावा, हा प्राचीन क्रम होता. आतल्या बाजूस असल्याने बंदर वादळांपासून सुरक्षित राहिले. परंतु खाडीची मुखे ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर बंदराचे भवितव्य अवलंबून राहिले. कल्याणच्या इतिहासातील बहुतेक चढउतारांचा उलगडा या एका गोष्टीने होतो.

इतिहास : इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक ग्रंथात कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. पूर्वी राजमान्य पेठ असलेले हे बंदर पुढे अडविले गेले आणि तेथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असे त्यात नमूद आहे. सातवाहन व क्षत्रप यांच्या संघर्षाचा हा परिणाम मानला जातो. कान्हेरी येथील कोरीव लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी दिलेल्या दानांची नोंद आढळते. सहाव्या शतकात कॉझ्मस इंडिकोप्लूस्टीझ याने येथील पितळ, शिसवी लाकूड व कापड या व्यापारी वस्तूंचा, तसेच येथील ख्रिस्ती धर्माध्यक्षाचा निर्देश केला आहे.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ येथे झाला. वसई व साष्टी त्या वेळी पोर्तुगीजांकडे असल्याने येथे बांधलेल्या जहाजांना समुद्र गाठण्यासाठी त्यांच्या मुलखाजवळूनच जावे लागे. आरमाराची मुख्य ठाणी पुढे दक्षिणेकडील खुल्या किनाऱ्यावर का उभारली गेली, हे यावरून समजते. कल्याण १६६१ मध्ये मोगलांनी जिंकले व १६७० मध्ये मराठ्यांनी परत मिळविले. सतराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा मोगलांकडे गेलेले हे शहर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी सुभ्याचे ठाणे बनले. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई घेतल्यावर खाडीची मुखेही प्रथमच त्यांच्या ताब्यात आली. इंग्रजांनी १७८० मध्ये कल्याण घेतले. ते सालबाईच्या तहानुसार (१७८२) परत करावे लागले आणि पुढे ते कायमचे इंग्रजी अमलाखाली आले.

अवशेष : दुर्गाडीची टेकडी हे पाहणीचे सोयीचे आरंभस्थान आहे. तेथून खाडीचे वळण व भिवंडीकडील तीर एकाच दृष्टिक्षेपात येतात आणि जलमार्गावर पहारा ठेवण्यासाठी ही जागा का निवडली असावी, हे नकाशाविना समजते. टेकडीवर दुर्गादेवीचे मंदिर व इदगाहची भिंत आहे. पायथ्याच्या खाडीकिनारी नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही युद्धनौका २०२४ मध्ये आणण्यात आली. मोगल अमदानीत शहराभोवती बांधलेल्या तटाचे अवशेष मात्र थोडेच उरले. इंग्रजी अमलात त्याचे दगड काढून कल्याण व ठाणे येथील धक्क्यांसाठी वापरण्यात आले. शहराचे रक्षण करणारा दगड अशा रीतीने मालाच्या उतारासाठी कामी आला.

रेतीबंदर, लाल चौकी, पारनाका ही नावेही अवशेषांइतकीच बोलकी आहेत. रेतीचा उतार, वाटेवरचा पहारा आणि पाराभोवती वसलेली वस्ती यांची स्मृती त्यांत टिकून आहे. शेणाळे तलावाच्या परिसरात काळी मशीद व मोतबरखानाची कबर आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय जुन्या पेठेच्या सांस्कृतिक जीवनाची साक्ष देते.

ऱ्हास : १ मे १८५४ रोजी ठाणे-कल्याण लोहमार्ग सुरू झाला आणि माल थेट मुंबईस जाऊ लागला. खाडीत साचणारा गाळ, मोठ्या जहाजांचा वाढता वापर व मुंबई बंदराचा उत्कर्ष ही ऱ्हासाची अन्य कारणे होत. शहराचे केंद्र खाडीकडून स्थानकाकडे सरकले. स्थानकाकडून दुर्गाडीकडे चालत जाणारा माणूस हा क्रम उलट दिशेने अनुभवतो : उंच इमारतींकडून अरुंद गल्ल्यांकडे व अखेरीस पाण्याकडे. जुने वाडे पाडून तेथे बहुमजली इमारती उभ्या राहत असल्याने या भागातील घरांची, पारांची व विहिरींची पद्धतशीर नोंद करणे निकडीचे झाले आहे. कारण प्राचीन बंदराचे बांधीव अवशेष जमिनीवर दिसत नसल्याने रस्त्यांची वळणे व स्थळनामे हेच अभ्यासकाचे महत्त्वाचे साधन ठरते.