खेळण्यातले सैनिक सोपाऱ्याच्या उत्खननावर

नवी मुंबईतल्या मुलांना खोदकाम म्हटले की जेसीबी आठवतो. दोन तासांत खड्डा, दुसऱ्या दिवशी त्यात पाणी, तिसऱ्या दिवशी डास! म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत नेरूळच्या आमच्या वसाहतीतली मुले "काका, काहीतरी खोदूया" म्हणत आली, तेव्हा प्रत्येकाला आपापले प्लॅस्टिकचे सैनिक आणायला सांगितले. देखावा ठरला सोपाऱ्याच्या स्तूपाच्या उत्खननाचा. साल १८८२.

भंगारवाल्याकडून तडा गेलेली माशांची काचपेटी आणली. तळाला वाळू, मध्ये विटांचा चुरा, वर काळी माती. काचेतून थर स्पष्ट दिसतात, तेच महत्त्वाचे.

मग सैनिकांच्या बदल्या झाल्या. बंदूकवाल्याची बंदूक जाऊन काडीची कुदळ आली. पोटावर सरपटणाऱ्याच्या हाती टूथब्रशचे दोन केस दिले. तो हळुवार माती झाडतो. दुर्बीणवाले साहेब स्तूपावरच उभे राहून दूरवर स्तूप शोधतात. वॉकी-टॉकीवाला वरिष्ठांची मंजुरी मागतो आहे. ती अद्याप आलेली नाही. (१८८२ साली वॉकी-टॉकी कुठला, हे मुलांनीच मला ऐकवले.) आडवा पडलेला जखमी जवान जेवणाच्या सुट्टीत झोपलेला मजूर ठरला. भगवानलाल इंद्रजींच्या जागी किल्ल्यावरचा पागोटेवाला मावळा नेमला.

पंडित भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागडचे, जन्म १८३९. नालासोपाऱ्यात लोक ज्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत, तो ढिगारा त्यांनी उकलला. विटांच्या स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात मैत्रेय आणि सात बुद्ध अशा आठ कांस्यमूर्ती, मधोमध तांब्याचा करंडक; त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात सोन्याची फुले आणि मातीच्या पात्राचे तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांचे मत होते. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला.

पाच करंडकांसाठी आम्हाला बाटल्यांची झाकणे तीनच मिळाली. आत एक सोनेरी मणी ठेवला. एका पोराने थेट हात घालून मणी उपसला आणि ओरडला, "सापडले!" मी कारकून माणूस, आवक-जावक रजिस्टर पुढे केले. कोणत्या थरात? काठापासून किती बोटे? शेजारी काय होते? पोरगा गप्प.

सोपाऱ्याच्या ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. दोन्ही एकाच ठिकाणी मिळाल्याची नोंद राहिली, म्हणूनच कळते की मधल्या काळात कोणीतरी स्तूप उघडून पुन्हा श्रद्धेने बंद केला. मूर्ती चोरबाजारात गेल्या असत्या, तर त्या नुसत्या जुन्या मूर्ती झाल्या असत्या! आज हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

मणी पुन्हा पुरला. यावेळी चमच्याने आणि ब्रशने, थराथराने काम चालले. दीड तास लागला. दोघे कंटाळून क्रिकेटला गेले.

रजिस्टर लिहिणाऱ्या सहावीतल्या मुलीने मध्येच विचारले, "काका, या झोपलेल्याचे नाव काय?" उत्खननाच्या जुन्या अहवालांत पंडितांची नावे असतात, साहेबांची असतात, टोपल्या वाहणाऱ्यांची सहसा नसतात. तसे तिला सांगितले. तिने रजिस्टर उलटे केले, मागच्या पानावर मस्टर आखले आणि अकरा मजुरांना अकरा नावे दिली. झोपलेल्याची अर्धी रजा मांडली.