सावनेरची सिंधू आणि शिलेदारांची लेक

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात सावनेर येतं. २३ जानेवारी १९१९ रोजी याच गावात राम गणेश गडकरी वारले. वय अवघं तेहेतीस. क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन ते भावाकडे आले होते. ‘एकच प्याला’ लिहून झालं होतं, पण रंगभूमीवर आलेलं ते त्यांना पाहता आलं नाही. ते गेल्यावर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला. लेखकाने डोळे मिटले आणि त्याची नायिका सिंधू गायला उभी राहिली.

याला बरोबर शंभर वर्षं झाली त्या फेब्रुवारीत, म्हणजे २०१९ मध्ये, नागपुरात ९९ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते प्रेमानंद गज्वी आणि मावळत्या अध्यक्षा होत्या कीर्ती शिलेदार. संगीत नाटकाला आयुष्य वाहिलेल्या घरातली ही लेक. गडकऱ्यांची सिंधू, देवलांची रेवती, खाडिलकरांची रुक्मिणी आणि भामिनी या नायिकांना सोबत घेऊनच ती लहानाची मोठी झाली. पुढे तीन वर्षांनी, २२ जानेवारी २०२२ रोजी, कीर्तीताई पुण्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी गडकऱ्यांची पुण्यतिथी होती.

गडकऱ्यांची सिंधू आजही कुठल्याही ग्रंथालयात मिळते. पण ती कोणत्या वाक्यावर थांबते, कुठल्या श्वासावर पदाला हात घालते, वन्समोअर आल्यावर दुःखाचा धागा तुटू न देता तेच पद पुन्हा कसं गाते, यातलं काहीच पुस्तकात छापलेलं नाही. ते फक्त गाणाऱ्या नटीच्या गळ्यात आणि अंगात असतं. एका नटीने दुसरीला दिलं तरच ते टिकतं. शिलेदारांच्या घराने ते कसं दिलं, ही गोष्ट म्हणूनच सांगायला हवी.

पहिली सिंधू

‘एकच प्याला’ची पहिली सिंधू पुरुष होता. शालू-शेल्यातल्या बालगंधर्वांना पाहायला आलेल्या प्रेक्षकांसमोर ते फाटक्या लुगड्यात, जात्यापाशी बसून गाऊ लागले आणि नाट्यगृहं रडली. या नाटकातली पदं गडकऱ्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. त्या पदांसाठी सुंदराबाई जाधवांकडून चाली घेतल्या गेल्या. रंगमंचावर स्त्रीला जागा नव्हती, पण सिंधूच्या गळ्यातलं दुःख एका गायिकेच्या गाण्यातून आलेलं होतं. बालगंधर्वांचं मोठेपण याने रतीभरही कमी होत नाही. पडद्यामागच्या बाईचं नाव मात्र सिंधूच्या कथेत अगदी सुरुवातीपासून आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकाचं युग सुरू झालं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यातल्या शकुंतला, सुभद्रा, शारदा मुख्यतः पुरुषांनीच रंगवल्या. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, पण त्यांच्याकडे समाज वाकड्या नजरेने पाहत असे. हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह नाट्यसंस्था काढली आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याला प्रतिष्ठा दिली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. मूळच्या गोव्याच्या. त्यांचे पती आणि त्या नाटकाचे संगीतकार केशवराव भोळे हे अमरावतीत जन्मलेले. गाणं कसं शब्दांतून उगवावं, हे या जोडीने दाखवलं. पण तोवर बोलपट आला होता आणि एकेक नाटक मंडळी कर्जात बुडून बंद पडत होती. गाणाऱ्या नटीला रंगमंच मिळाला तेव्हा तो रंगमंचच खचू लागला होता.

आईचा वारसा

अशा पडत्या काळात इंदूरची एक मुलगी रंगभूमीवर आली. प्रमिला जाधव, जन्म २१ ऑगस्ट १९२६. प्रत्यक्ष बालगंधर्वांबरोबर काम करण्याचं भाग्य तिला लाभलं. ते तेव्हा उतारवयात होते. पण सुभद्रा आणि सिंधू ज्यांनी घडवल्या त्यांच्या शेजारी उभं राहून ऐकणं हीच त्या काळची शाळा होती.

‘रामजोशी’ चित्रपटाने १९४७ मध्ये जयराम शिलेदार हे नाव घराघरांत पोचलं. त्या यशावर त्यांना चित्रपटात राहता आलं असतं. ते नाटकाकडे परतले. १९४९ मध्ये पुण्यात ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था उभी राहिली. १९५० मध्ये जयराम आणि प्रमिला विवाहबद्ध झाले आणि प्रमिलेची जयमाला झाली. लोक संगीत नाटकाचे दिवस संपले म्हणत असताना या जोडप्याने ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’, ‘मानापमान’, ‘मृच्छकटिक’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ गावोगाव नेली. नटसंच, पडदे, पेट्या, ऑर्गन आणि दोन लेकी, सगळं बरोबर. त्या लेकींपैकी एक लता, म्हणजे आजच्या दीप्ती भोगले. दुसरी कीर्ती, जन्म १६ ऑगस्ट १९५२.

नाटकवाल्यांच्या घरात मुलाला शिकवायला वेगळी वेळ काढावी लागत नाही. दुपारी तालीम, रात्री विंगेतून प्रयोग, परतीच्या प्रवासात कुठे काय चुकलं याची चर्चा. कीर्ती शाळकरी वयातच रंगमंचावर आली. शास्त्रीय गाण्याची तालीम नीळकंठबुवा अभ्यंकरांची, रंगमंचाची तालीम आईवडिलांची. जयमालाबाईंना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ८ ऑगस्टला त्या गेल्या. तोवर बालगंधर्वांकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे हा वारसा पोचलेला होता.

गद्य कुठे संपतं?

गाणारी नटी नेमकं काय करते, हे समजल्याशिवाय तिची थोरवी कळत नाही.

मैफलीतल्या गायिकेला षड्ज लावायला वेळ मिळतो. नटीला तो मिळत नाही. ती बोलत असते, रागावलेली किंवा हुंदका दाटलेली असते आणि तिच्या शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनवाला सूर देतो. पुढच्या क्षणाला तिने त्या सुरात असायला हवं. म्हणून जाणत्या नटीचं गद्यच हळूहळू सुराजवळ सरकत येतं. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे प्रेक्षकाला कळलं नाही, तर पद जमलं. ते कळलं, तर बाई नुसतं गाणं म्हणायला थांबली असं वाटतं.

पुढे पट्टीचा प्रश्न येतो. नायकाचा आणि नायिकेचा सूर वेगळा. एका पदावरून दुसऱ्या पदावर जाताना ऑर्गनवाल्याला पट्टी बदलावी लागते आणि नटीला मधल्या संवादात तो नवा सूर कानात धरून ठेवावा लागतो. नऊवारीत उठायचं, बसायचं, चालायचं. समोरच्या नटाकडे पाहायचं. श्रोत्यांकडे पाठ होऊ द्यायची नाही. तान घेताना चेहरा वेडावाकडा होऊ द्यायचा नाही. गंधर्व मंडळीत साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी माणसं असत. अशा साथीला उत्तर देत देत, तरीही गायिका न होता सुभद्राच राहायचं, ही कसोटी असे.

परदेशातल्या संगीतिकेशी तुलना केली की फरक उमगतो. ‘माय फेअर लेडी’ १९५६ मध्ये ब्रॉडवेवर आलं. तिथे सूर न् सूर कागदावर लिहिलेला असतो आणि रोज रात्री तो तसाच वाजतो. आपल्या पदाला चाल असते, राग असतो, ताल असतो. बाकीचं त्या रात्री घडतं. प्रेक्षक जाणता असेल तर नटी पुढे जाते. वन्समोअर आला तर तेच पद ती नव्या जागा घेऊन गाते. या पद्धतीची एक खोट होती. पदं लांबत गेली, पहाटेपर्यंत प्रयोग चालले आणि नाटक गाण्याखाली गुदमरलं. कीर्तीताईंच्या पिढीला सुटसुटीत प्रयोग करायचे होते. थोडक्यात गाऊन पूर्ण परिणाम साधायचा, हे अधिक अवघड काम त्यांच्या वाट्याला आलं.

मैनाका

आईच्या भूमिका मुलीने केल्या की तुलना अटळ असते. कीर्तीताईंना स्वतःची म्हणावी अशी भूमिका दिली ती विद्याधर गोखल्यांच्या ‘स्वरसम्राज्ञी’ने. गोखले अमरावतीचे, म्हणजे आपल्या विदर्भाचे. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ या त्यांच्या नाटकांनी साठच्या दशकात संगीत रंगभूमीला पुन्हा उभारी दिली होती. ‘स्वरसम्राज्ञी’चं बीज शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये आहे. ‘माय फेअर लेडी’ त्यातूनच आलं आणि पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ही. पण गोखल्यांनी त्या गोष्टीला अस्सल मराठी वळण दिलं. शॉची फुलं विकणारी मुलगी शुद्ध उच्चार शिकते. गोखल्यांची मैनाका तमाशाच्या फडातून येते आणि गाणं शिकते.

ही भूमिका करणाऱ्या नटीपुढे काय आव्हान होतं, पाहा. सुरुवातीला तिला फडातल्या मोकळ्या, ठसकेबाज गळ्याने गायचं. मग शिकाऊ मुलीसारखं, चुकत-सुधारत गायचं. शेवटी रागाचा विस्तार करणारी गायिका म्हणून सभा जिंकायची. बदल सांगणारे संवाद कितीही असोत, प्रेक्षक तो बदल गळ्यातच शोधणार. संगीत नीळकंठबुवांचं, म्हणजे खुद्द तिच्या गुरूंचं. कीर्तीताईंची मैनाका गाजली, कारण गुरूपुढे घडत जाणारी शिष्या त्यांनी रंगमंचाबाहेरही जगली होती.

पाच दशकांहून अधिक काळ आणि हजारो प्रयोग, एवढा हा प्रवास. २०१८ मध्ये मुलुंडच्या ९८ व्या नाट्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्याआधी २०१५ मध्ये बेळगावात फैय्याज अध्यक्ष झाल्या होत्या. फैय्याज म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’मधली झरीना. तीन-चार वर्षांच्या अंतराने दोन गाणाऱ्या नट्या त्या आसनावर बसल्या. ज्या रंगभूमीने पन्नास वर्षं स्त्रीला बाहेर ठेवलं, तिने उशिरा का होईना हे ऋण मान्य केलं.

विदर्भाची बाजू

‘कट्यार’चं नाव निघालं की नागपूरकराची मान ताठ होते. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, ‘रंजन कला मंदिर’वाले. त्यातले खाँसाहेब अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात वाढले. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. म्हणजे ‘एकच प्याला’चा लेखक सावनेरला विसावला, ‘स्वरसम्राज्ञी’चा अमरावतीत जन्मला आणि ‘कट्यार’चा नागपुरात घडला. संगीत रंगभूमी म्हटलं की पुण्या-मुंबईकडे बोट दाखवण्याची सवय आपण सोडायला हवी.

संगीत नाटक मेलं, असं म्हणणाऱ्याने हिवाळ्यात वडशाला जाऊन यावं. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्र रात्र चालतात, हजारोंनी माणसं तिकीट काढून बसतात आणि नट-नट्या साथीदारांच्या ताफ्यासह रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. नागपूरच्या कित्येक कलावंतांचा हंगाम तिथेच जातो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे देशाचं लक्ष गेलं. तिचा बाज शिलेदारांच्या ‘सौभद्रा’हून वेगळा आहे. पण भूमिकेत राहून, समोरच्या माणसाकडे पाहून गायचं, हा मूळ धर्म तिथे रोज पाळला जातो.

पदापुढची वाट

आज नाट्यगीतांचे कार्यक्रम पुष्कळ होतात. ते व्हावेत. पण खुर्चीवर बसून, वही समोर ठेवून गायलेल्या पदात सिंधू नसते. पद मैफलीत जगेल. भूमिका नाटकातच जगते. कीर्ती शिलेदारांनी आयुष्यभर जपलं ते हे दुसरं. आता ते जपायला घरात जन्मलेली लेक असेलच असं नाही. म्हणून ती जबाबदारी आपल्यावर येते.

नागपुरात गाणं शिकवणारी विद्यालयं खूप आहेत आणि नाटक शिकवणारी मंडळीही आहेत. त्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र येऊन एका जुन्या नाटकाचा एक प्रवेश गद्यासह, ऑर्गनसह, नऊवारीसह बसवावा. गाणाऱ्या मुलींना चार वाक्यं बोलून पदात शिरायला शिकवावं. आणि आपण प्रेक्षकांनी, गावात पूर्ण संगीत नाटक येईल तेव्हा, दुसरं काही काम असलं तरी ते बाजूला ठेवून तिकीट काढावं. गडकऱ्यांनी सावनेरात ठेवून दिलेली सिंधू आणखी शंभर वर्षं गात राहावी असं वाटत असेल, तर तिला नाट्यगृहात भेटायला चला.