खुनी कोण, हे वस्तीला ठाऊक असते!

रहस्यपटांचा नाद आम्हाला फार जुना. ‘वह कौन थी’ (१९६४), ‘गुमनाम’ (१९६५), ‘इत्तेफाक’ (१९६९), ‘धुंद’ (१९७३) हे चित्रपट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. खुनी कोण, या एका प्रश्नावर प्रेक्षक शेवटच्या रिळापर्यंत खुर्चीला खिळून राहतो. या करमणुकीबद्दल आमची तक्रार नाही. मात्र आंबेडकरी प्रेक्षकाने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘खुनी कोण’ हे रहस्य बंगल्यातल्या खुनाचे असते. वस्तीतल्या खुनात ते नसतेच!

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मारेकरी कोण, हे गावाला ठाऊक होते. रहस्य पुढचेच होते. कोणती कलमे लागणार? साक्षीदार टिकणार काय? २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. खून सिद्ध झाला, जात मात्र निर्दोष सुटली!

म्हणूनच आमचा थरारपट खून झाल्यावर, पोलीस ठाण्याच्या पायरीवर सुरू होतो. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’ने (१९८०) हे अचूक ओळखले होते. लहान्या भिकू या आदिवासीवर स्वतःच्याच पत्नीच्या खुनाचा आळ आहे आणि तो तोंडच उघडत नाही. ओम पुरींचे ते मौन विसरता येत नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो मुका आणि सत्य शोधणारा वकील कुलकर्णी, ही वाटणी आम्हाला खटकते.

‘आर्टिकल १५’ (२०१९) मध्ये तीन रुपये मजुरीवाढ मागणाऱ्या मुलींना मारून झाडाला लटकवले जाते. संविधानाचे कलम ठाण्याच्या फलकावर लागते तेव्हा टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण तपास करणारा नायक ब्राह्मण अधिकारी आणि लढणारा दलित नेता निषाद मध्येच मारला जातो. ३९ वर्षांत वाटणी किती बदलली?

उत्तर दक्षिणेतून येते आहे. १९९३ च्या प्रत्यक्ष प्रकरणावरील तमिळ ‘जय भीम’ (२०२१) तुरुंगाच्या दारातच सुरू होतो. सुटलेल्या कैद्यांना जात विचारून वेगळे काढले जाते, प्रलंबित गुन्हे त्यांच्या माथी मारण्यासाठी. येथेही नायक वकीलच आहे. पण नवऱ्याच्या शोधात निघालेली गरोदर सेंगणी पोलिसांचा पैसा ठोकरते. तिच्यापुढे वर्दी लहान दिसते. पा. रंजित यांची निर्मिती असलेला मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) आणखी पुढे जातो. त्यात जातीसाठी खून करून त्याला अपघात वा आत्महत्येचे रूप देणारा म्हातारा आहे, म्हणजे अस्सल थरारपटाचा ऐवज. नायक मात्र दलित आहे, कायद्याचा विद्यार्थी आहे आणि जाब तो स्वतः विचारतो.

मराठीत नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ (२०१६) आठवावा. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा टाकते आणि काय होणार हे उमगून प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. येथेही खुनी कोण, हे रहस्य नाही. रक्ताने माखलेल्या पावलांनी लेकरू बाहेर पडते आणि चित्रपट संपतो.

आमचा पुढचा चित्रपट तेथूनच सुरू झाला पाहिजे. त्या लेकराची फिर्याद कोण लिहून घेणार? खटला कोण चालवणार? कॅमेरा शिकलेल्या आमच्या मुलामुलींनी अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांची निकालपत्रे वाचावीत. प्रत्येक निकालपत्रात एक पटकथा दडलेली आहे. ती लिहिताना तपास करणारा हात आणि प्रश्न विचारणारे तोंड आपले असावे, एवढेच मागणे.

जय भीम!