कोठडीऐवजी उपचार : व्यसनाधीन रुग्ण, कायदा आणि गाव

व्यसनाधीन रुग्णाला हाताशी धरून रुग्णालयात आणणारी व्यक्ती बहुधा त्याची आई असते, नाहीतर पत्नी. आजाराविषयी बोलण्याआधी ती हलक्या आवाजात विचारते, "याच्यावर केस झाली आहे. आता याला तुरुंगात टाकतील का?" या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच दिलेले आहे, परंतु ते फार थोड्या कुटुंबांपर्यंत पोहोचते. म्हणून यंदाच्या अहवालाची ही पाने आम्ही त्यासाठी राखून ठेवली आहेत.

अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा 1985 साली झाला. कलम 27 अन्वये पदार्थाचे सेवन हा गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत, तर इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र याच कायद्याने दोन दारे उघडी ठेवली आहेत. कलम 64-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. दुसरे दार कलम 39 चे. दोष सिद्ध झाल्यावरही न्यायालय आरोपीचे वय, पूर्वचरित्र व प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने, त्याला कारावासाऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी मुक्त करू शकते. उपचाराच्या फलिताचा अहवाल एक वर्षाच्या आत न्यायालयापुढे ठेवावा लागतो.

ही सवलत सर्वांसाठी नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गांजाच्या बाबतीत 'अल्प प्रमाण' म्हणजे एक किलो, हेरॉइनच्या बाबतीत पाच ग्रॅम. मोठ्या प्रमाणावर व्यापार करणाऱ्यास अथवा हिंसेचा गुन्हा करणाऱ्यास ही दारे उघडत नाहीत. दारूविषयीचे गुन्हे वेगळ्या कायद्याखाली येतात. तेथे वकिलाचा स्वतंत्र सल्ला घ्यावा.

तुरुंगाने व्यसन का सुटत नाही? व्यसन हा मेंदूच्या कार्यपद्धतीत बदल घडविणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. कोठडीत पदार्थ मिळाला नाही तरी ओढ नाहीशी होत नाही. उलट शरीराची सवय मोडते. आणि सुटून आलेल्या रुग्णाने हेरॉइनसारख्या पदार्थाची पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. दारूची सवय असलेल्यास ती अचानक बंद झाल्यावर झटके येतात, भ्रम होतो. अशा वेळी वैद्यकीय देखरेख नसेल तर तेही जिवावर बेतते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीवर. या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. नवरा तुरुंगात गेला की कोयता मोडतो, उचल मात्र फिटत नाही. ती पत्नीच्या, वृद्ध आईवडिलांच्या आणि शाळा सोडणाऱ्या मुलाच्या अंगावर येते. शिक्षा एकाला होते, भोगते सारे घर.

म्हणूनच उपचार गावाजवळ आणि कुटुंबासह व्हावेत, असे आम्हांस वाटते. हा विचार नवा नाही. चेन्नईच्या टी.टी. रंगनाथन प्रतिष्ठानाने 1989 मध्ये तमिळनाडूतील मंजक्कुडी या गावी व्यसनमुक्तीचे शिबिर भरविले आणि गावकऱ्यांना त्यात सहभागी करून घेतले. महाराष्ट्रात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. रुग्णाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी त्या कार्याने समाजाला दिली.

अशा उपचाराचे टप्पे साधे आहेत. प्रथम तपासणी, नंतर औषधांच्या साहाय्याने शरीरातील पदार्थाचा अंमल उतरविणे, त्यानंतर रुग्णाचे व कुटुंबाचे समुपदेशन, आणि शेवटी, सर्वांत दीर्घ टप्पा, पाठपुराव्याचा. पुन्हा घसरण झाली तर तो उपचाराचा शेवट नव्हे; रुग्णाला परत बोलावून घ्यायचे असते. आमच्या भागात उपचाराचे वेळापत्रकही उसाच्या हंगामाकडे पाहूनच आखावे लागते. पहिले महिने कुटुंब गावी असताना, आणि पुढचा पाठपुरावा फडावरच्या कोपीपर्यंत. न्यायालयाने दिलेल्या वर्षात हे दोन्ही काळ येतात. हंगामात दुवा तुटला, तर अहवालही अपुरा राहतो.

केंद्र शासनासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी केवळ एकाला, तर बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या 20 जणांपैकी एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. कायद्याचे दार उघडे असले, तरी पलीकडे उपचाराची खाट नसेल तर त्याचा उपयोग काय?

कुटुंबीयांना आमची विनंती आहे : अटक झाल्यास पहिल्याच भेटीत वकिलाला व्यसनाची माहिती द्या आणि कलम 64-अ व 39 विषयी विचारा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. उपचार घेण्यापूर्वी ती संस्था शासनमान्य आहे का, याची खात्री करा. जुने औषधोपचाराचे कागद जपून ठेवा. मार्गदर्शनासाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

देणगीदार व विश्वस्त बंधुभगिनींनो, इमारतीच्या दगडावर नाव कोरता येते; पाठपुराव्याच्या एसटी भाड्यावर, समुपदेशकाच्या मानधनावर ते कोरता येत नाही. तरीही या कार्याला आधार लागतो तो तेथेच. एखादा कोयता पुन्हा जोडीने फडावर उभा राहिला, तर ते आपल्या साहाय्याचेच फलित असेल.