जांभळ्या ट्यूबमधला आकडा

अंधेरी पूर्वेच्या एका लॅबमध्ये सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशंटांची बीसीआर-एबीएल चाचणी जवळून पाहिली. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून जांभळ्या टोपीच्या ट्यूब थंड पेटीतून येतात. मोजायचा असतो आरएनए, आणि रक्त पडून राहिलं की तो तुटत जातो. म्हणून आल्या आल्या काम सुरू.

लाल पेशी फोडणारं द्रावण घातलं, आणि गडद रक्त हळूहळू आरपार दिसू लागलं. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर तळाशी पांढुरका गोळा उरला. याच पांढऱ्या पेशी. त्या विरघळवून, क्लोरोफॉर्म घालून पुन्हा फिरवलं की ट्यूबमध्ये तीन थर दिसतात. खाली गुलाबी, मध्ये पांढरी साय, वर पाण्यासारखा स्वच्छ द्रव. आरएनए त्या वरच्या थरात. टेक्निशियन ताईंनी पिपेट तिरकं धरून तेवढाच ओढला आणि सायीच्या वर थोडा मुद्दाम सोडून दिला. "हाव धरली की खालचा डीएनए येतो," त्या म्हणाल्या.

त्यातला मोजायचा बीसीआर-एबीएलचा आरएनए म्हणजे एक कायनेज बनवण्याचा आदेश. एटीपी या ऊर्जेच्या रेणूतला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावर बसवायचा, हे कायनेजचं काम. आपल्या शरीरात अशी पाचशेहून जास्त कायनेज आहेत आणि पेशीचं वाढणं-थांबणं त्यांच्यावर चालतं. त्यातलंच एक, एबीएल, एरवी संकेत आल्याशिवाय जागं होत नाही. सीएमएलमध्ये मात्र नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, एबीएल बीसीआरला जोडलं जातं आणि ते जोडप्रथिन कायम चालूच राहतं. त्याच्या जोरावर एकेटी नावाचं दुसरं कायनेज पेटतं. पेशीला मरणाकडे नेणाऱ्या बॅड या प्रथिनाला ते फॉस्फेट लावून निकामी करतं. मरायला हवी ती पेशी जगते.

सीएमएलवरचं औषध इमॅटिनिब एबीएलच्या एटीपीच्या खोबणीत जाऊन बसतं आणि त्याचं काम थांबवतं. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मंजुरी मिळाली. भारतात मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता. त्या कंपनीने मागितलेल्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही विरोध केला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने पेटंट नाकारलं. स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. माझ्या मते या ट्यूब वर्षानुवर्षं येत राहतात त्याचं श्रेय औषधाइतकंच त्या निकालाचं आहे.

लॅबमध्ये तो आदेश शेवटी पीसीआर यंत्रावर मोजतात. पडद्यावर ज्या नमुन्यात आदेश जास्त, त्याची रेघ लवकर चढते. आंतरराष्ट्रीय मापावर ०.१ टक्का किंवा त्याखाली आकडा आला, तर उपचार चांगला लागू पडला असं धरतात. ०.०२ चे ०.०४ झाले म्हणून घाबरायचं नसतं. एवढा फरक चाचणीतच पडतो. म्हणूनच दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्यावं. आकडा खरंच चढत गेला, तर डॉक्टर आधी गोळ्या चुकल्या का ते विचारतात आणि मग जनुकातला बदल शोधतात. टी३१५आय हा बदल निघाला तर खोबणीतलंच एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. तिथे इमॅटिनिब बसत नाही, पोनॅटिनिबसारखं वेगळं औषध लागतं.